लोणी येण्याआधी

अण्णा,

सकाळपासून ओट्यावर वाट्या मांडून ठेवल्यात. आपल्या वेळच्या पितळी, कल्हईच्या नव्हेत. आता अ‍ॅल्युमिनियमच्या मिळतात, हातात घेतल्या तर वजनच लागत नाही. गावातल्या एका डॉक्टरांच्या घरी नातीचा वाढदिवस आहे आणि त्यांना क्रीमचे केक हवेत, तेही माझ्याच हातचे. दुकानांतून काचेच्या कपाटात मांडलेले रंगीबेरंगी केक सोडून सोलापुरातली माणसं अजून माझ्या दारात येतात, हे तुम्हाला मुद्दाम कळवते. बढाई मारायची खोड मला तुमच्याकडूनच लागली, तेव्हा नाक मुरडू नका. पहिला घाणा भट्टीत आहे, मलई बर्फात ठेवली आहे, आणि हात रिकामे झाल्याबरोबर तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आपण बापलेक कायम एकाच धुरात उभे, पत्र लिहिण्याइतकं लांब कोण गेलं होतं? मी जाणार होते एकदा, केमला, सासरी. ते कसं टळलं, ते आज पहिल्यापासून आठवतंय.

आई गेली तेव्हा मी रांगत होते. अक्कानं, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीनं, आधी तुम्हाला वाढवलं होतं, मग मला वाढवलं, आणि दोघांनाही सारख्याच शिव्या दिल्या. उभ्या गावात तुम्ही कुणाला भ्याला नाहीत. एका वरबापानं आमटी अळणी आहे म्हटलं, तर तुम्ही पळीभर आमटी त्याच्यापुढं धरलीत आणि सगळ्या पंगतीसमोर म्हणालात, "पुन्यांदा चाखा, आणि जीभ धुऊन चाखा." त्यानं चाखली आणि मीठ बरोबर आहे असं सांगितलं. लग्नाचा आचारी असावा तर असा, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणाले नाहीत तर तुम्ही स्वतः म्हणायचात. पण अक्का खाकरली की तुमचा आवाज बसायचा. मला तुम्ही मांडवात न्यायचात ते कोपऱ्यात बसवायला. खोबरं किसायचं, वेलदोडे सोलायचे, दही घुसळून लोणी काढायचं, एवढं माझं काम. चुलाणाजवळ यायचं नाही. लग्नाच्या चुलाणापाशी बाईमाणूस उभं राहत नाही, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत, आणि मी तितक्याच वेळा तुमच्या पाठीमागून टाचा उंच करून कढईत बघत राहिले.

मग अक्कानं केमचं स्थळ काढलं. मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. घरची शेती, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर, सासू मवाळ. अक्का म्हणाली, "पोरगी पंधराची झाली. तुझ्या मागनं मांडवामांडवांनी हिंडती. उद्या कोण करून घेईल हिला?" तुम्ही म्हणालात, "बघू की, अक्का." तुमच्या तोंडातलं 'बघू की' म्हणजे अक्काला होकार असायचा, हे मला पुरतं ठाऊक होतं. मला केमची भीती नव्हती, अण्णा. लग्नाचीही नव्हती. मला तुमचं ते चुलाण हवं होतं. पाचशे माणसांचा भात एकदम उतरवताना तुमच्या तोंडावर जे यायचं, ते माझ्या तोंडावर यायला हवं होतं. हे कुणाला सांगणार? पोरीनं असं काही मागायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती तेव्हा गिरणीच्या शेठजींचं बोलावणं आलं. मुंबईहून बडे साहेब आणि त्यांच्या मडमा गिरणीची नवी इमारत बघायला यायच्या होत्या, आणि बंगल्याच्या हिरवळीवर चहा ठरला होता. शेठजी म्हणाले, "महाराज, इंग्रजी केक जमतील का? पण आधीच सांगतो, अंडं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." तुम्ही क्षणाचाही विचार केला नाहीत. "जमतील की, शेठजी. त्यात काय हाय!" मी तुमच्या मागं परकराचा घोळ धरून उभी होते आणि मला घाम फुटला, कारण तुम्ही जन्मात केक पाहिला नव्हता. शेठजींची सून मुंबईला शिकलेली. तिनं तो कसा असतो ते समजावून सांगितलं. "वाटीएवढा असतो, महाराज. बोटानं दाबला की दबला पाहिजे आणि बोट काढलं की पुन्हा वर आला पाहिजे. खाताना दातांना काही काम पडता कामा नये. आणि वर पांढरी क्रीम, उभी राहिलेली." "उभी म्हंजे?" तुम्ही विचारलंत. "म्हणजे ओघळणार नाही, पण लोण्यासारखी घट्टही नाही. मधली." तुम्ही अशी मान हलवलीत की जणू रोज सकाळी उठून हेच करता. बंगल्याचं फाटक ओलांडलं आणि तुम्ही हळूच विचारलंत, "पोरी, तुला काय समजलं का?" मी म्हटलं, "काहीच नाही." "मलाबी न्हाय," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघं रस्ताभर वेड्यासारखे हसत घरी आलो. शेठजींच्या मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं आणि ते काम बार्शीच्या आचाऱ्याला जाईल की तुम्हाला मिळेल ते ह्या चहावर ठरणार होतं, हे तुम्ही मला दुसऱ्या दिवशी सांगितलंत. तेव्हा हसू आलं नाही.

परसात मोठ्या तपेलीत वाळू घालून ती चुलीवर चढवली. वाळूवर वाट्या, वाट्यांना तुपाचा हात, वर परात आणि परातीत निखारे. तूप फेसायचं काम माझं. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळव्यानं एकाच दिशेनं फिरवत राहायचं, ते पांढरंशुभ्र होऊन फुलेपर्यंत. नानकटाईसाठी हे मी लहानपणापासून करत आले होते, त्यामुळं पहिल्या खेपेला निघाली ती अर्थातच नानकटाई. तुम्ही ती झाकून बंगल्यावर नेलीत. सूनबाईंनी खाल्ली आणि म्हणाल्या, "फार सुरेख नानकटाई आहे, महाराज." घरी आल्याबरोबर तुम्ही पुन्हा मैदा चाळायला बसलात.

दुसऱ्या खेपेला मैद्यात आंबट दही घातलं, दूध घातलं, सोडा घातला, पीठ सरसरीत केलं. आणि तुम्ही ते झाकून ठेवलंत. रात्रभर मुरू दे म्हणालात. जिलेबीचं पीठ मुरतं, अनारशाचं मुरतं, सगळ्या चांगल्या गोष्टी मुरतात, हे तुमचं ठरलेलं. सकाळी त्यातला सगळा जीव निघून गेला होता. जे भाजून निघालं ते शेजारच्या गाईपुढं टाकलं, आणि तिनंही ते जरा विचार करूनच खाल्लं. तिसऱ्या दिवशी मी दह्यात सोडा घातला आणि ते फसफसून वर येताना पाहिलं, मग बसतानाही पाहिलं. मी म्हटलं, "अण्णा, ह्याला मुरायला वेळ नाही. हे वर येतंय तोवरच वाट्यांत गेलं पाहिजे." तुम्ही कुरकुरलात. तीस वर्षं चुलीनं माणसाला धीर धरायला शिकवल्यावर एखादा पदार्थ घाई करा म्हणत असेल तर राग येणारच. पण ओतलंत. थोड्या वेळानं परात बाजूला केली तर वाट्यांच्या कडा दिसत नव्हत्या, इतके ते फुगून वर आले होते. तुम्ही एकावर बोट दाबलंत, बोट काढलंत, तो वर आला. पुन्हा दाबलंत, पुन्हा आला. अक्काला हाक मारून तिला दाखवलंत, दूध घालायला आलेल्या गवळ्याला दाखवलंत, दाबून दाबून शेवटी त्याचा लगदा केलात.

राहिली क्रीम. कुंभारी गावचा तो गवळी म्हशीचं दूध आणून द्यायचा. ते न तापवता रुंद भांड्यांत रात्रभर परसात ओल्या फडक्याखाली ठेवायचं आणि सकाळी वरची मलई काढायची, एवढं सूनबाईंनी सांगितलं होतं. गवळ्याला हे अजिबात पटलं नव्हतं. "तापवत न्हाय म्हंता? नासंल की, बाई! मग म्हशीला बोल लावाल." मलई मात्र चांगली धरली. मी ती मडक्यात घातली, रवी लावली, दोर ओढायला लागले, आणि लोणी आलं. दुसऱ्या दिवशी सावकाश ओढलं. लोणी आलं. तिसऱ्या दिवशी अगदी जपून ओढलं, आणि लोण्याचा गोळा रवीला लगडला तो बघून मला रडूच फुटलं. अक्का तेवढी खूष होती. तिचे दात कधीच गेले होते, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर ती रोज ताज्या लोण्याचा गोळा घ्यायची आणि म्हणायची, "हा केकचा धंदा लई चांगला हाय बघ."

तुमचा मात्र तोल गेला. "तुला थांबता येत न्हाय? हाताला भूत लागलंय का तुझ्या?" त्या दिवशी तुम्ही मला जेवढं बोललात तेवढं त्याआधी कधी बोलला नव्हतात. मीही तुमचीच पोर. मी म्हटलं, "कशी थांबू? लोणी येईपर्यंत थांबायचं नाही, हेच तर शिकवलं सगळ्यांनी मला! दोर धरता आला तेव्हापासून हेच करतेय." अक्का भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाली, "राहू दे रं. केमला गेल्यावर हीच सवय कामाला येईल तिच्या." ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डोळे पुसले आणि तुमच्यापुढं उभी राहिले. "अण्णा, साहेबांच्या चहाला क्रीम माझ्या हातानं उभी राहिली, तर मी केमला जाणार नाही. तुमच्या चुलाणापाशी तुमच्या बरोबरीनं उभी राहीन." "आणि लोणी आलं तर?" "तर मुकाट्यानं गाडीत बसेन." तुम्ही अक्काकडं पाहिलंत. अक्का म्हणाली, "लाव की पैज. लोनीच येनार हाय." पैजेला नाही म्हणणं तुमच्या रक्तातच नव्हतं. "लागली," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर मी ऐकायला लागले. आपल्याकडं रोजचं ताक मीच करायची. पण तोवर मी ते हातानं करायची, कान भलतीकडं. आता डोळे मिटून दोर ओढायला लागले. आधी पातळ खळखळ ऐकू येते. मग आवाज जाडा होत जातो, दोर जड होतो. मग एक क्षण असा येतो की मडकं जवळजवळ मुकं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ लोणी सुटतं आणि ताक छपछप करायला लागतं. त्या मुक्या क्षणावरून मी इतकी वर्षं रोज धावत गेले होते. सगळ्या बायका जातात, कारण तिथं थांबून कुणाला काही मिळत नाही. मला जे हवं होतं ते नेमकं तिथंच होतं. एकदा मलईवर करून पाहिलं आणि बरोबर त्या जागी हात सोडले. रवी वर काढली तर मलई टोक धरून उभी! पण तुम्हाला दाखवायला धावत आणेपर्यंत उन्हानं ती ओघळली. तुम्ही म्हणालात, "स्वप्न पडलं असंल तुला." बर्फाशिवाय हे होणार नाही एवढं मात्र तुम्ही मान्य केलंत, आणि कुल्फीवाल्याकडं जाऊन बर्फात खडेमीठ किती घालायचं ते विचारून आलात.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बंगल्याच्या मागच्या पडवीत आपण आहोत. गाडीनं आलेला बर्फ लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला, निम्मा वाटेतच पाणी झालेला. तुम्ही तो मोगरीनं फोडताय. मोठ्या घंगाळात बर्फ आणि मीठ, त्यात मलईचं पातेलं, रवी पडवीच्या खांबाला बांधलेली, दोर माझ्या हातात. केक झालेत, ओळीनं मांडलेत, एकूण एक फुगलेले. पुढं हिरवळीवर मोटारी येऊन थांबल्याचा आवाज येतो. शेठजी डोकावून जातात, पुन्हा डोकावून जातात, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आधीपेक्षा उतरलेला. मी दोर ओढते आहे. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघताय आणि तुमचा श्वास माझ्या मानेवर लागतोय. "पातळ हाय. अजून." मी ओढते. "अजून, पोरी, अजून!" दोर जड होतो. खळखळ जाडी होते. मला माहीत आहे की माझं सगळं आयुष्य आता ह्या पातेल्यात आहे, आणि माझे हात त्यांच्या जुन्या सवयीनं पुढं पळायला बघताहेत. आणि मग ते पातेलं मुकं होतं.

मी दोर सोडला.

"का थांबलीस? अजून घुसळ म्हणतो ना मी!" तुम्ही ओरडलात. मी म्हटलं, "नाही." "पोरी!" "नाही म्हटलं ना, अण्णा! आता एक फेरा जरी दिला तरी लोणी येईल. हात लावून बघा." तुम्हाला 'नाही' म्हणायची माझी ती पहिली वेळ. तुम्ही हात उगारताय की काय असं वाटलं मला. पण तुम्ही रवी सोडवलीत आणि वर उचललीत. रवीच्या टोकाला पांढरीशुभ्र मलई उभी होती, जराशी वाकली आणि तशीच राहिली. तुम्ही रवी उलटी केलीत, तरी ती पडली नाही. तुम्ही उपरण्यानं नाक पुसलंत आणि म्हणालात, "जिलेबीचं फडकं आण."

आणि मग तुम्ही काय केलंत, अण्णा! जिलेबीच्या फडक्यात क्रीम भरलीत, तळहाताच्या दाबानं एकेका केकवर तीन वेढे घातलेत आणि शेवटी हाताला हलकासा झटका देऊन टोक उभं केलंत. चिमूटभर वेलदोड्याची पूड. एक केक, दुसरा केक, हात थांबत नव्हता आणि एकही वेढा दुसऱ्यापेक्षा लहान नव्हता. आयुष्यभर कढईवर फिरलेला हात तो. मी तिथंच उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, माझी क्रीम आणि तुमचे वेढे, आता मुंबईचे काय, विलायतेचे साहेब आले तरी आणा पुढं. तबकं पुढं गेली. आपण दाराच्या फटीतून बघत होतो, वर तुमचं डोकं आणि खाली माझं. एका जाडजूड साहेबाच्या मिशीला क्रीम लागली आणि त्याच्या मडमेनं ती आपल्या रुमालानं पुसली. तिनं सूनबाईंना काहीतरी विचारलं, सूनबाई हसून पडवीच्या दिशेनं बघत काही बोलल्या, आणि त्या बाईनं दुसरा उचलला. तबकं परत आली ती रिकामी. शेठजी घाईघाईनं आत आले. "महाराज, काय केलंत हो हे!" तुम्ही उपरणं झटकून खांद्यावर टाकलंत. "त्यात काय हाय, शेठजी!"

कार्याच्या घरून शिताचा दाणाही घरी न्यायचा नाही, असा तुमचा बाणा होता. त्या दिवशी तुम्ही सूनबाईंना सांगून चार केक डब्यात घेतलेत. घरी आलो तर अक्का उंबऱ्यातच बसलेली. तिनं दुसरं काही विचारलंच नाही. "आलं का लोनी?" अख्ख्या बंगल्यात मिरवून आलेला माणूस, पण अक्कापुढं तोंडातून शब्द फुटेना. डबा तेवढा तिच्यापुढं ठेवलात. तिनं झाकण काढून आत पाहिलं. "अंडं न्हाय ना ह्यात?" "तुझी शपथ, अक्का." तिनं एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि सवयीनं हिरड्यांवर घोळवायला गेली. घोळवायला काही उरलंच नव्हतं. तिनं आपल्याकडं असं पाहिलं की जणू कुणी तिची चेष्टा केली असावी. दुसरा तुकडा घेतला. मग तो केक संपला, मग दुसरा, आणि आपण दोघं वेड्यासारखे उभे राहून बघत असताना चारही संपले. आपल्या वाट्याला एक चाटणही आलं नाही.

अंगठ्याची क्रीम चाटून अक्का म्हणाली, "दात गेल्यापासनं तुझ्या हातचं काय खाल्लं मी? खीर आन् भात. लाडू करतोस गावाला, चिरोटे करतोस गावाला. बहीन बसली बघत." तुम्ही म्हणालात, "अक्का, हे माझं न्हाय. क्रीम हिनं केली. हिनंच थांबवली." अक्कानं माझ्याकडं पाहिलं. पैज तिच्या लक्षात होती, पण हरले म्हणेल ती अक्का कसली. ती म्हणाली, "ही केमला गेली तर मला हे कोन करून घालनार?" "म्हंजे?" तुम्ही विचारलंत. "म्हंजे कळवून टाक त्यांना. दुसरी बघा म्हनावं." आणि तोंड धुवायला उठून गेली. मी परसात पळाले. तपेलीला मिठी मारली, हो, त्या काजळलेल्या तपेलीला, आणि इतकी हसले, इतकी रडले की चोळी काळीकुट्ट झाली. आयुष्यात पुढं पुष्कळ चांगलं झालं माझं, पण त्या संध्याकाळसारखा आनंद मला पुन्हा झाला नाही. जगात मला जे हवं होतं ते मी मागितलं होतं आणि मला ते मिळालं होतं.

उन्हाळ्यात शेठजींच्या मुलीच्या लग्नात मी पदर खोचून तुमच्या शेजारी चुलाणापाशी उभी राहिले. माझ्या हाताला बसेल अशी दांडी कापून घेतलेला झारा तुम्ही आदल्या दिवशी मला दिलात, जणू माझाच विसरलेला परत देत असावात. वऱ्हाडातले दोघेतिघे येऊन कुजबुजले. तुम्ही बुंदीचा झारा तसाच हवेत धरून त्यांच्याकडं वळलात. "माझ्या चुलीवर कोण उभं राहनार ते मी ठरवतो. जेवायचं असंल तर पान वाढायला सांगतो." सगळे जेवायला बसले, आणि त्यांतल्या एकानं मागून मागून बुंदी खाल्ली. ती माझी होती. पुढं मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठलं गाव सोडलं आपण? माझं लग्नही झालं, इथंच, माझ्या अटीवर. नवरा गिरणीत कारकून, स्वयंपाकातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही, त्यामुळं संसार फार सुखाचा झाला.

एकच गोष्ट मला तुमची सहन व्हायची नाही. त्या लग्नाच्या पंगती उठल्या न उठल्या तोच तुम्ही सांगायला लागलात. "साहेब बाहेर बसलेले, पोरगी आपली घुसळतीया. मी मागं उभा, कान देऊन. एकदम म्हटलं, पोरी, थांब! थांबली. रवी उचलली, तर क्रीम उभी!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पळी पडली. घरी आल्यावर मी तुमच्याशी कडाकडा भांडले. तुम्ही इतक्या निरागस तोंडानं म्हणालात, "असंच तर म्हटलं होतं की मी!" की मला कळलं, तुमचा त्यावर खरोखर विश्वास बसला आहे. अक्कापुढं दिलेली कबुली तुम्ही सोयीस्कर विसरून गेला होतात. मग दर लग्नात तेच, दर मुंजीत तेच. गोष्ट रंगत गेली, साहेब वाढत गेले, शेवटी शेवटी तर एक लाटसाहेब पडवीत येऊन तुमचा हात हातात घेऊन गेला म्हणे. मी दरवेळी फणकारायची आणि ऐकणारे म्हणायचे, असू दे गं, बापच तो. अंथरुणाला खिळलात तेव्हा औषध द्यायला आलेल्या वैद्यांनाही तुम्ही तीच गोष्ट सांगितलीत, धापा टाकत, आणि 'थांब' म्हणताना हात उचललात तो चांगला जोरात. त्यानंतर दोनच दिवसांनी तुम्ही गेलात.

घाणा झालेला दिसतोय, घरभर वास सुटलाय. आता उठायला हवं. हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाही, आणि पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत, तुमच्या सोयीचा तेवढा भाग पाठ केला असतात आणि तिथल्या एकूण एक पंगतीत ऐकवला असतात.

कारण परवा सुनेला क्रीम कुठं थांबवायची ते शिकवत होते. तिनं विचारलं, "आई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी. ते मागं उभे होते, कान देऊन. म्हणाले, पोरी, थांब." किती वर्षं झाली, मी हे असंच सांगते. तुम्ही त्या दिवशी 'अजून, अजून' म्हणत होतात, हे माझ्या तोंडून तुमच्याशिवाय आजवर कुणीही ऐकलेलं नाही.